बारा जागा, खऱ्या तीन

इलिनॉयमध्ये ऑगस्ट उजाडला की सॉफ्टबॉलवाल्या घरांत लगीनघाई सुरू होते. सॉफ्टबॉल म्हणजे बेसबॉलचं भावंडं, फक्त चेंडू मोठा आणि तो हात खालून फिरवून टाकायचा. जुलैअखेर उन्हाळी स्पर्धा आटोपतात, जुने संघ मोडतात आणि पंधरा दिवसांत पुढच्या वर्षाचे संघ उभे करायचे असतात. त्यासाठी जे ट्रायआउट होतात ते म्हणजे आपल्याकडची निवड चाचणी. गेल्या वर्षी शिकागोच्या पश्चिमेला, नेपरव्हिल-ऑरोरा पट्ट्यातल्या एका क्लबाच्या '१२ यू' संघाच्या चाचणीत मी गुण द्यायला उभी होते. १२ यू म्हणजे बारा वर्षांपर्यंतच्या मुली. क्लबाचं नाव लिहीत नाही, कारण असे क्लब इथे गल्लोगल्ली आहेत आणि गोष्ट थोड्याफार फरकाने सगळ्यांचीच आहे.

मला का बोलावलं? आदल्या वर्षी त्या गटात 'डॅडी बॉल'ची बरीच ओरड झाली होती. बाप कोच, त्याची लेक पिचर (चेंडू टाकणारी), त्याच्या मित्राची लेक शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली मोक्याची जागा), आणि बाकीच्यांच्या मुली उजव्या कोपऱ्यात गवत मोजत उभ्या. याला इथे डॅडी बॉल म्हणतात. म्हणून समितीने ठरवलं की या खेपेला कोचांबरोबर तीन बाहेरची माणसंही गुण देतील. एक शाळेतून निवृत्त झालेले पीटीचे मास्तर, एक कॉलेजात खेळलेली बाई, आणि मी. माझी मुलगी तेव्हा १० यू मध्ये होती, म्हणजे या गटात माझं कुणी नाही. शिवाय अमरावतीला मी खूप खो-खो खेळलेय, हे मी कधीतरी फुशारकीने सांगितलेलं समितीच्या लक्षात होतं. आता खरं सांगायचं तर वर्षभराने माझी लेक याच कोचच्या हाताखाली जाणार होती. 'बाहेरची' असले तरी माझा एक पाय आतच होता.

सत्तावीस मुली आल्या. जागा बारा. मैदानावर नऊ आणि राखीव तीन. खो-खोचं गणित तेच, त्यामुळे मला पहिल्या मिनिटापासून घरच्यासारखं वाटलं. पाठीवर सेफ्टी पिनांनी लावलेले कागदी नंबर, दंडावर तोच नंबर मार्करने, कारण कागद घामाने फाटतो. आम्हाला नावं द्यायची नाहीत असं ठरलं होतं. परक्या मुलींसाठी ते ठीक. गेल्या वर्षीच्या मुली एकसारख्या बॅगा घेऊन, एकसारख्या वेण्या घालून, गाणी म्हणत आल्या. नंबराचा पडदा तिथेच गळून पडला.

तक्ता साधा होता. पळणं, जमिनीवरचा चेंडू, उंच चेंडू, फेक, फलंदाजी. प्रत्येकी पाच, एकूण पंचवीस. पिचर आणि कॅचर (फलंदाजामागे उकिडवी बसून चेंडू झेलणारी) यांची वेगळी परीक्षा, तिचे गुण बेरजेत धरायचे नाहीत. हा शेवटचा नियम कुणी केला माहीत नाही, पण शहाण्याने केला असणार. बारा चांगल्या मुली निवडल्या आणि त्यांत कॅचर एकच निघाली, तर शनिवारच्या तिसऱ्या सामन्यात तिचे गुडघे बोलायला लागतात.

पळण्याला स्टॉपवॉच. होम प्लेटपासून, म्हणजे फलंदाजाच्या जागेपासून, पहिल्या बेसपर्यंत, म्हणजे धावत गाठायच्या पहिल्या थांब्यापर्यंत, साठ फूट. आमच्याकडे सगळ्यात चपळ मुलीला ३.४ सेकंद लागले, सगळ्यात सावकाशीला ४.२. नऊ नंबरची मुलगी ३.४ वाली. बाप लोक माना डोलावू लागले. पण शॉर्टस्टॉपला उभी केल्यावर मला वेगळंच दिसलं. चेंडू बॅटवर बसला की तिचं पहिलं पाऊल मागे पडायचं, मग ती उसळून पुढे. दर वेळी. बावीस नंबरची मुलगी ३.८ वाली, पण गुडघे आधीच सैल, वजन चवड्यांवर, आणि चेंडू निघताच पाऊल थेट चेंडूच्या रस्त्यात. नऊ नंबरच्या हातून दोन चेंडू निसटले, बावीसच्या हातून एकही नाही. खो-खोत आमचे सर घड्याळाकडे बघतच नसत. उठतानाचं पाऊल बघत. खो मिळाल्यावर पाय आधी चुकीकडे गेला तर मग कितीही जोरात पळा. तक्त्यात या पावलाला रकाना नव्हता. मी 'जमिनीवरचा चेंडू'मध्ये बावीसला पाच दिले, नऊला तीन. मास्तरांनी दोघींना चार-चार दिले. कोचांनी नऊला पाच दिले. कुणी चुकलं असं म्हणवत नाही. ते पळणं बघत होते, मी उठणं.

पिचरांबाबत एक गोष्ट आई-बापांच्या सहसा लक्षात येत नाही. १० यू मध्ये पिचर ३५ फुटांवरून टाकते आणि चेंडू अकरा इंच घेराचा असतो. १२ यू मध्ये अंतर ४० फूट होतं आणि चेंडू बारा इंचांचा. म्हणजे नुकतीच वर आलेली मुलगी एकाच महिन्यात मोठा चेंडू लहान हातात धरून पाच फूट लांब टाकायला लागते. ती ऑगस्टमध्ये भरकटणारच. तिच्याशेजारी या गटात एक वर्ष काढलेली मुलगी उभी असते, वीतभर उंच. रडार बंदुकीवर एकीचे ताशी ४९ मैल, दुसरीचे ४३. त्या ४९ वर फलंदाजाला निर्णयाला जेमतेम अर्धा सेकंद मिळतो, हे खरं. पण पुढच्या जूनमध्ये कोण कुठे असेल हे रडार सांगत नाही. मी दोघींचे खांदे आणि मनगटं बघत बसले.

खांद्यांचा विषय निघालाच आहे. हात खालून फिरतो म्हणून या फेकीने काही होत नाही, अशी इथे घरोघरी समजूत आहे. अभ्यास करणाऱ्यांनी मोजून दाखवलंय की या गोल फिरणाऱ्या हाताचा खांद्यावरचा ताण बेसबॉलच्या वरून फेकण्याच्या तोडीचा असतो. बेसबॉलच्या मुलांसाठी २०१४ पासून वयानुसार किती चेंडू टाकायचे याची जाहीर मार्गदर्शक मर्यादा आहे. मुलींच्या सॉफ्टबॉलमध्ये तिच्यासारखा सर्वमान्य आकडा नाही. शनिवार-रविवारात पाच सामने, आणि संघात पिचर दोन. म्हणून 'पिचर किती घेणार?' हा प्रश्न पिचरच्या आईने तरी विचारायलाच हवा. त्या दोन दिवसांत एकीनेही विचारला नाही.

आता बादली. इथे पिचरच्या बापाला 'बकेट डॅड' म्हणतात, कारण तो चेंडूंच्या बादलीवर, झाकणाला शिवलेल्या गादीवर बसून लेकीचे चेंडू झेलतो. मुख्य कोच असाच बादलीवर बसला होता आणि त्याची मुलगी, चार नंबर, टाकत होती. चेंडू नीट आला की तो गप्प. वाइड गेला की तोंडाने काही नाही, पण खांदे खाली यायचे, इंचभर. आणि मुलगी ग्लोव्हकडे बघतच नव्हती. चेंडू हातातून सुटला की तिची नजर बापाच्या खांद्यांवर. पंधरापैकी पंधरा चेंडूंना. मी माझ्या कागदाच्या पाठीमागे एक दुसरा तक्ता आखला. तो कुणी मागितला नव्हता. त्यात मुलींचे नाही, कोचांचे गुण मांडायला लागले.

त्यातली पहिली नोंद: चूक झाल्यावर मुलगी कुणाकडे बघते. दुसरी: कोच काय म्हणतो. 'कमॉन' हे शब्दच नव्हेत, ती नुसती हवा. 'ग्लोव्ह आधी खाली ठेव' हे शब्द. एका सहायक कोचने वीस मिनिटांत एकदाही दुसऱ्या प्रकारचं वाक्य उच्चारलं नाही. दुसऱ्याचं प्रत्येक वाक्य तसं होतं, आणि तेही नंबर घेऊन, ज्या मुलीला तो ओळखत नव्हता तिलासुद्धा. तिसरी नोंद रांगेची. फलंदाजीला नऊ मुली रांगेत, एकीला दहा चेंडू, फलंदाजीचा जाळीचा पिंजरा एकच. अठरा नंबरच्या मुलीवर मी घड्याळ लावलं. अठरा मिनिटं उभी, दीड मिनिट बॅट. चाचणीला कोच मैदान कसं लावतो, तसाच तो जानेवारीत, बर्फात, भाड्याच्या हॉलमधला सराव लावणार. आणि त्या हॉलच्या तासाचे पैसे आई-बाप भरणार. चाचणीला आलेल्या पालकांनी आपली मुलगी सोडून एवढी एक गोष्ट बघितली तरी वर्षाचा अंदाज येतो. पण आपण सगळे जाळीला नाक लावून आपल्याच नंबरकडे बघत असतो. मीही बघते.

तेवीस नंबरकडे मात्र मी जरा जास्तच बघत होते. ती आपली मुलगी. बाप नाशिकचा, क्रिकेटवेडा, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत आमची ओळख. मुलगी दोन वर्षं गावच्या लीगमध्ये खेळलेली. तिचा चेंडू घेण्याचा ढंग पाहून मला हसू आलं. ग्लोव्ह असूनही ती दोन्ही हातांनी, कोपरं सैल सोडून, स्लिपमधल्या झेलासारखा चेंडू पोटाशी घेत होती. हात मऊ, अगदी मऊ. फेक मात्र खांद्याखालून, सपाट. आणि फलंदाजीत बॅटचं टोक खाली यायचं, जणू यॉर्कर काढतेय. दहापैकी तीन चेंडूंना बॅट लागली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा जणांचे कागद एकत्र केले. आमच्या तिघांची सरासरी एकीकडे, कोचांची एकीकडे. मी डॅडी बॉल पकडायला टपून बसले होते. पहिला धक्का असा की मुख्य कोचने स्वतःच्या लेकीला पंचवीसपैकी सोळा दिले होते आणि आम्ही तिघांनी सरासरी अठरा. आमच्या यादीत ती सातवी. म्हणजे ती संघात हक्काने होती, बाप तिच्या वाट्याला फक्त कडक आला होता. तिला मुख्य पिचर करणं योग्य की नाही हा वेगळा प्रश्न, आणि त्या तक्त्यात त्याचं उत्तर नव्हतंच. चाचणीत संघ ठरतो. कोण कुठे उभी राहील ते नंतर ठरतं, कागद कपाटात गेल्यावर. डॅडी बॉलचं खरं घर तिथे आहे.

दुसरा धक्का जागांचा. गेल्या वर्षीच्या बारांपैकी चार वरच्या गटात गेल्या, आठ राहिल्या. आठांपैकी तीन कोचांच्या लेकी. त्यात एक नवा सहायक कोच येणार होता, त्याच्याबरोबर त्याची लेक, एकोणीस नंबर. या नऊ जणी धरूनच चालायचं होतं. म्हणजे बाहेरून आलेल्या अठरा मुली बारा जागांसाठी पळत नव्हत्या, तीन जागांसाठी पळत होत्या. हे मला तेव्हा कळलं. त्या अठरा घरांना कळलंच नाही. चाचणीची फी तीस डॉलर होती.

तशी ही गोष्ट मला नवी नाही. आमच्या जिल्ह्याच्या निवडीला आम्ही दिवसभर उन्हात पळालो होतो आणि संध्याकाळी सरांनी शर्टाच्या खिशातून जी यादी काढली, तिच्या घड्या सकाळच्या होत्या.

मुख्य कोचशी मी स्वतंत्र बोलले. माणूस वाईट नाही. तो म्हणाला, नवा सहायक स्वतः कॅचर होता, आमच्याकडे कॅचरला शिकवणारं कुणी नाही, तो वर्षभर फुकट येणार आणि लेकीशिवाय येणार नाही. तू येशील का लेकीशिवाय? मी गप्प. खरंच आहे, हे बाप पगारी नाहीत; नोकरी करून आठवड्याचे तीन दिवस मैदानात असतात. आणि हा नवा सहायक म्हणजे माझ्या दुसऱ्या तक्त्यातला तोच, ज्याचं प्रत्येक वाक्य कामाचं होतं. मला विचाराल तर एकोणीस नंबरला घेणं समर्थनीय होतं. लपवणं नव्हतं.

आता आकडे. आमच्या तिघांच्या यादीत पहिल्या बारांत नऊपैकी सात 'ठरलेल्या' मुली आल्या. दोन आल्या नाहीत: एकोणीस नंबर पंधरावी, आणि जुन्यांपैकी एक सतरावी. तीन मोकळ्या जागांवर दुसरी, पाचवी आणि आठवी आली. पाचवी कॅचर, म्हणून ते बरं झालं. बारांत असूनही बाहेर राहिल्या दोघी, नववी आणि अकरावी. अकरावी म्हणजे तेवीस नंबर. नाशिककरांची.

मी चिडले. समितीला ईमेल लिहायला घेतलं. पुरावा हवा म्हणून तेवीसच्या तिन्ही कागदांची बेरीज पुन्हा केली. मास्तर, सोळा. कॉलेजवाल्या बाई, सोळा. मी, एकोणीस. माझ्या कागदावर फलंदाजीला चार होते. दहात तीन चेंडूंना बॅट लावणाऱ्या मुलीला चार. माझा आकडा वगळला तर ती अकरावीवरून चौदावी. पंधराव्या एकोणीस नंबरपेक्षा एक पायरी वर, बस. ज्या बापांवर मी दोन दिवस डोळे वटारून होते, त्यांच्यातल्या एकाने स्वतःच्या पोरीचे गुण कापले होते, आणि मी दुसऱ्याच्या पोरीला तीन जास्त दिले होते. कारण ती पाणी पिताना बापाशी मराठीत बोलली होती.

ईमेल तरी पाठवलं, पण दुसरं. तेवीसचा उल्लेख काढला.

नाशिककरांचा फोन आला तो त्याच रात्री. "वहिनी, खरं सांगा, कुठे कमी पडली?" गुण सांगायचे नाहीत असं लिहून दिलेलं. मी म्हटलं, बॅट. टोक खाली येतंय, क्रिकेटसारखं. ते हसले, "माझीच चूक ती." मग मुद्द्यावर आले. क्लबाने तिला सरावाची खेळाडू म्हणून बोलावलं होतं. हिवाळाभर संघाबरोबर सराव, स्पर्धेत कुणी आजारी पडलं तरच जागा. बाराशे डॉलर. चोवीस तासांत हो म्हणायचं, पाचशे आगाऊ, परत मिळणार नाहीत. "घ्यावं का? नाव मोठं आहे हो क्लबचं."

"नाव बाकावर बसून काय करणार?" मी म्हटलं. जरा जास्तच फटकन. मग सांगितलं, दुसऱ्या दोन चाचण्या अजून बाकी आहेत, तिथे जा आणि चाचणीच्या आधी विचारा. जागा किती मोकळ्या आहेत, नुसत्या जागा किती नव्हे. कोच किती आणि त्यांच्या मुली किती. पिचर किती. रविवारच्या बाद फेरीत सगळ्या खेळतात की फक्त नऊ. प्रश्नाला सरळ आकडा आला तर थांबा. 'ते टॅलेंटवर अवलंबून' असं उत्तर आलं तर गाडी वळवा. आणि बारा वर्षांच्या मुलीला कुणी कॉलेजचे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारी माणसं, दाखवायला लागला तर हसा. २०१८ पासूनचा नियम असा आहे की अकरावी इयत्तेच्या एक सप्टेंबरपर्यंत सगळ्यात वरच्या गटातल्या, म्हणजे 'डिव्हिजन वन'मधल्या, कॉलेजच्या कोचने मुलीशी प्रवेशाबद्दल बोलायचंच नाही.

ते तिसऱ्या चाचणीला थांबले. लहानसा क्लब, कोच बाप नाही, कॉलेजात शिकणारी मुलगी, पेट्रोलपुरते पैसे घेणारी. संघ सुमार. तेवीस नंबर तिथे तिसऱ्या बेसवर उभी राहते आणि संघ बहुतेक सामने हरतो. बाप अजूनही मला विचारतो की बरोबर केलं ना. मला माहीत नाही. दर सामन्यात खेळते, एवढं खरं.

हे सगळं मी तेवीसबद्दल लिहिलं कारण तिच्या घरून फोन आला. नववी होती ती अकरा नंबर. आजीबरोबर आली होती, बॅट दुसऱ्या मुलीची मागून घेतलेली, दोन्ही दिवस तीच. आमच्या तिघांच्या कागदांवर तिचे गुण एकसारखे होते, सतरा-अठरा-अठरा, म्हणजे तिथे कुणाची पेन्सिल जड पडली नव्हती. कोचांच्या यादीत ती तेरावी. जुन्यांपैकी सतराव्या आलेल्या मुलीच्या जागी ती बसली असती, आणि त्यासाठी कुणा कोचला दुखवावं लागलं नसतं. ती जुनी मुलगी कोचांपैकी कुणाची नव्हती, फक्त जुनी होती. माझ्या ईमेलमध्ये मी अकरा नंबरबद्दल एक ओळ लिहिली होती. तिला उत्तर आलं नाही आणि मी पाठपुरावा केला नाही. तेवीससाठी मी अर्धी रात्र जागले होते.

ईमेलात मागणी एकच होती: पत्रकावर मोकळ्या जागांचा आकडा छापा. समितीच्या बैठकीत त्यावर वीस मिनिटं चर्चा झाली. खजिनदार म्हणाले, तीन छापलं तर अठराजणी येणार नाहीत. मी म्हटलं, नाही येणार, तेच तर. ते म्हणाले, मग अठरांचे तीस-तीस? पाचशे चाळीस डॉलर. मैदानाचं भाडं त्यातूनच जातं.

गंमत म्हणजे हा खेळ जन्मला तो इथून तीसेक मैलांवर, शिकागोच्या फॅरागट बोट क्लबात, १८८७ च्या थँक्सगिव्हिंगला. बॉक्सिंगचा ग्लोव्ह दोरीने बांधून चेंडू केला आणि झाडूच्या दांड्याची बॅट. तेव्हा खोलीत होते ते सगळे खेळले.

या ऑगस्टचं पत्रक परवा आलं. १२ यू, चाचणी दोन दिवस, फी पस्तीस डॉलर. खाली एक नवी ओळ: 'मर्यादित जागा'. मी परीक्षक नाही, कारण या वेळी माझीच मुलगी त्या गटात आहे. सचिवांना विचारलं, मर्यादित म्हणजे किती. तीन तासांनी उत्तर आलं: ते टॅलेंटवर अवलंबून.

मी पस्तीस डॉलर भरले.